बुधवार पुढे सरकला, पण कुठल्या बाजूला?

बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, असा निरोप इंग्रजीत गेला की काही जण सोमवारी हजर, काही शुक्रवारी. आणि चूक कुणाचीच नाही! २००२ साली बोरोडित्स्की आणि रॅम्स्कर या संशोधकांनी हाच प्रश्न विमानतळावर विचारला. नुकतेच विमानातून उतरलेले शुक्रवारकडे जास्त झुकले. त्यांना न्यायला आलेले तितके नाही. म्हणजे तारीख कॅलेंडर नव्हे, बोर्डिंग पास ठरवतो. त्यात ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे बिनबोभाट अलीकडे, आणि ‘पुश बॅक’ म्हणजे चक्क पुढे ढकलणे! आपल्या हापिसांनी ‘प्रीपोन’ म्हणून हा घोळ केव्हाच मिटवला, तर शुद्ध इंग्रजीवाले त्यालाच नाक मुरडतात. मुरडा बापडे, पण आधी मीटिंगचा वार सांगा.