साखर हाय न्हवं?

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या एसटी स्टँडवर एखाद्या अनोळखी माणसानं तुमचा हात हातात घेतला, "साखर हाय न्हवं तुमाला?" असं मायेनं विचारलं आणि तुम्ही "आहे" म्हणताच "वा! झ्याक!" म्हणून पाठ थोपटली, तर घाबरू नका. ते सर्व्हेवाले तात्या. प्रत्येक जिल्ह्यात असा एक तात्या असतोच. सातारा-सांगलीचा तात्या जरा जास्त तयारीचा, एवढंच.

मुंबईच्या औषध कंपनीला इन्शुलिनच्या नव्या पेनाबद्दल पेशंटांचं मत हवं असतं. कंपनी रिसर्च एजन्सीला सांगते, एजन्सी पुण्याच्या फील्डवाल्याला सांगते आणि फील्डवाला तात्यांना फोन लावतो. मागणी अशी असते : टाइप टू मधुमेह, वय 35 ते 50, इन्शुलिन सुरू होऊन वर्ष झालेलं, निम्म्या बायका, आर्थिक वर्ग 'ए', गेल्या सहा महिन्यांत कुठल्याही सर्व्हेत न बसलेले. चर्चेच्या ग्रुपला सहा जण हवेत, म्हणून आठ बोलवा. गुरुवारी सकाळी अकरा.

लग्न जमवणाऱ्यानं मुलाकडच्या अपेक्षा वाचाव्यात, तसा तात्या हा कागद वाचतात. गोरी, उंच, शिकलेली, कामाला वाघ, वर बोलायला गरीब. असं स्थळ पृथ्वीतलावर नाही हे ठाऊक असूनही "बघतो की" म्हणतात.

खरी गंमत 'ए' वर्गाची. मिळवत्या माणसाचं शिक्षण आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती, यावरून ए वन ते ई थ्री असे बारा वर्ग पाडायची रीत 2011 पासून देशभर रुळली. पंखा, फ्रिज, मोटार, एसी आणि हो, शेतजमीनसुद्धा त्या यादीत आहे. मुंबईत जमीन म्हटलं की माणूस हसतो. इकडं माणसाला सातबारा नसेल तर तात्याच त्याच्याकडं संशयानं बघतात. तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराला त्यांनी विचारलं, "एसी?" उत्तर आलं, "हाय की. बेदाण्याला." बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये, मालक ओसरीवर गोधडीत. तात्यांनी एसीपुढं टिक केली. माल तर मालकाचाच ना!

तारखांच्या बाबतीत मात्र तात्यांपुढं मुंबईचा तक्ता फिका. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसवाला पेशंट मिळत नाही. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तेव्हा गुडघेदुखीचा ग्रुप ठेवायचाच नाही, कारण गुडघे दुखणारे सगळे चालत निघालेले असतात. हे कुठल्या अहवालात येत नाही. यायला हवं.

बायकांचा कोटा भरणं ही निराळी विद्या. पेशंट बायको, पण खुर्चीत येऊन बसतो नवरा. "तिला काय कळतंय? मला इचारा." तात्या त्याला "पाव्हणं, जरा च्या घेऊ या" म्हणून बाहेर काढतात आणि दीड तास साखर कारखान्याच्या निवडणुकीत गुंतवून ठेवतात. आत बाई पहिल्यांदाच सांगत असते की सासूसमोर सुई टोचून घ्यायची लाज वाटते, म्हणून रात्रीचा डोस राहतो. त्या चहाचे पैसे कुठल्याच बजेटात नसतात, आणि माझ्या मते सगळ्या संशोधनात खरी कामाची गोष्ट तेवढीच.

एकदा त्यांनी अपशिंग्याकडचे माजी सैनिक भरले. डोस का चुकतो, यावर मुंबईच्या मॅडमनी तीन पानं प्रश्न काढले होते. "डोस चुकतो का?" "नाही." "कधीच?" "नाही." वीस मिनिटांत ग्रुप संपला. मंडळी मानधनाची पाकिटं घेऊन रांगेत बाहेर पडली.

डॉक्टर हवे असले की मिरज. वानलेस साहेबांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून गावात दवाखान्यांना तोटा नाही. पण डॉक्टर गाठायचा तर आधी कंपाउंडर गाठावा लागतो. तात्या रात्री दहाला एमआर लोकांच्या बाकावर शेवटचा नंबर धरतात. पाऊण तासाची मुलाखत "धा मिनिटं, सायेब" अशी विकतात.

गोपनीयतेचंही त्यांना वावडं नाही. 2023 चा वैयक्तिक डेटाचा कायदा त्यांनी ऐकलाय. संमतीपत्रावर सही घेताना ते सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "तुमची मूळव्याध कुणालाबी सांगणार न्हाई, असं लिवलंय बगा!" डायरीत नावं नसतात, खुणा असतात. 'गूळवाले शेठ – साखर.'

कोटा भरेना की तात्या घसरतात, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचे चार-दोन घरचे पेशंट आहेत. जानेवारीत दमा असलेला गृहस्थ जूनमध्ये सांधेदुखीवर बोलतो, दिवाळीपूर्वी त्याला पित्त होतं. सहा महिन्यांची अट त्याला तोंडपाठ. त्याच्या 'अनुभवा'वर कुणीतरी गोळीच्या पाकिटाचा रंग ठरवतं. हे वाईटच, आणि मी तात्यांना तसं म्हणालोही. "खोटं कुठाय?" ते म्हणाले. "वयानं सगळं हुतंयच की. आपण जरा आदी लिवलं."

मग डायरी मिटून त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

"तुमाला काय हाय?"

"काही नाही."

"बीपी?"

"नाही."

"थायरॉइड तरी?"

परवाच तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, असं मी सांगितलं. तात्यांचा चेहरा पडला. पण माणूस मुळात दिलदार. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. हुईल की. नंबर देऊन ठेवा."