पॅड बांधून तयार

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. कुठल्या संघाचे कॅप्टन, हे कोणी विचारत नाही. त्यांचा अवतार पाहिल्यावर तसं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. डोक्यावर बेसबॉलची टोपी, मनगटावर टेनिसवाल्यांचा रिस्टबँड, अंगात फुटबॉलची जर्सी, पायात पळायचे बूट. वरून खाली नुसती नजर फिरवली तरी चार खेळ पाहून होतात. प्रत्यक्षात ते यातला एकही खेळत नाहीत. बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी फॉर्मल पँटी बोहारणीला देऊन टाकल्या आणि बदल्यात घेतलेली स्टीलची बरणी अजून अभिमानाने दाखवतात.

पँटी गेल्या, पण शिस्त गेली नाही. त्यांच्या कपाटात ट्रॅकपँटींची उतरंड आहे. गुडघ्याला फुगे आलेली घरात. दोन पट्ट्यांची भाजीला. तीन पट्ट्यांची पाहुण्यांसाठी. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून आणलेली एक चार पट्ट्यांचीही आहे. ‘‘एक पट्टी जास्त झाली,’’ असं मी म्हणालो, तर म्हणाले, ‘‘माल कमी दिला असता तर तक्रार केली असती.’’ वैकुंठ स्मशानभूमीत जायची वेळ आली की काळी. पुतणीच्या लग्नात तर शेरवानीखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज होते. करवल्यांनी पळवले ते नेमके तेच. नवरदेवाची मोजडी जागच्या जागी राहिली.

या सगळ्या पँटींना कडक इस्त्री लागते आणि पुढे सुरीसारखी घडी. इस्त्रीवाला हात जोडून सांगतो, काका, हे कापड चिकटतं. कॅप्टन त्याला वर्तमानपत्र मध्ये ठेवून इस्त्री कशी फिरवायची ते दाखवतात. त्यांच्या टी-शर्टाचं कापडही तसंच खास, घाम टिपून घेऊन क्षणात वाळवणारं. आता कॅप्टनना घाम येतो तो फक्त मिसळ खाताना, आणि तेवढा ते कापड खरंच टिपतं. कंपनीचा दावा खोटा नाही.

त्यांना हसणं सोपं आहे. वाद घालणं मात्र अवघड, कारण माणसाचा अभ्यास दांडगा. एकदा मी ऑफिसला निघालो असताना त्यांनी मला जिन्यात गाठलं.

‘‘तू स्वतःला सभ्य समजतोस ना? ही कॉलरची बटणं कशासाठी आहेत, सांग.’’

‘‘लावायला.’’

‘‘इंग्लंडात पोलो खेळताना कॉलर वाऱ्याने तोंडावर यायची, म्हणून तिथले खेळाडू ती अडकवून टाकायचे. अमेरिकेच्या ब्रुक्स ब्रदर्सनी ते पाहिलं आणि 1896 मध्ये तसले शर्ट बाजारात आणले. म्हणजे गेली कित्येक वर्षं तू पोलोच्या कपड्यात फायली हलवतोयस. घोडा कुठंय तुझा?’’

घोडा नसल्याने मी गप्प बसलो. मग शुक्रवारच्या माझ्या टी-शर्टचाही निकाल लागला. तो म्हणे टेनिसचा. 1920 च्या दशकात रने लाकोस्तला लांब बाह्यांच्या ताठ शर्टात खेळणं जाचक वाटायला लागलं, तेव्हा तो आखूड बाह्यांचा, मऊ विणीचा शर्ट घालून कोर्टवर उतरला. त्याला ‘मगर’ म्हणत, म्हणून छातीवर मगर आली, आणि 1933 मध्ये त्या शर्टांची कंपनी निघाली. कॅप्टनच्या छातीवरही मगर आहे. फॅशन स्ट्रीटचीच. शेपटीच्या बाजूने पाहिलं तर पाल वाटते, पण ते आम्ही त्यांना सांगत नाही.

हा इतिहास खरा आहे. अडचण एवढीच, की लाकोस्तने बाह्या कापल्या त्या हात मोकळा फिरावा म्हणून; कॅप्टनचा हात फिरतो तो पोटावरून.

त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा बिल बाउअरमनचा. अमेरिकेतला धावण्याचा प्रशिक्षक, नाइकीच्या दोन संस्थापकांपैकी एक. 1970 च्या सुमारास त्याला हलका आणि जमिनीला धरून राहणारा तळ हवा होता. नाश्त्याला बायकोचं वॉफलचं भांडं समोर आलं, आणि त्याने त्यात चक्क रबर ओतलं. भांडं कायमचं चिकटलं, पण जगाला नवा बूट मिळाला. कॅप्टन हे सांगत असले की डोळे चमकतात, स्वतःच्या बुटाचा तळ ते सर्वांना उलटा करून दाखवतात. तो कोरा करकरीत असतो. खाचाखळग्यांत दगड नाही की माती नाही. मागच्या वेळी हे प्रात्यक्षिक चालू असताना वहिनी आतून झारा घेऊन बाहेर आल्या.

‘‘माझ्या आप्पेपात्राकडे नुसतं बघितलंत तरी याद राखा.’’

सकाळी साडेसहाला कॅप्टन हनुमान टेकडीवर जातात. म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी. तिथे त्यांचा वॉर्मअप चालतो. मान गोल फिरवायची, खांदे उडवायचे, एक पाय कठड्यावर टाकून दुरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाची वाट बघायची. वॉर्मअप झाल्याबरोबर चढण घेऊ नये, स्नायूंना धक्का बसतो, असं त्यांचं मत असल्याने मधला वेळ चहात जातो. चहा पोटात असताना चढू नये, हे तर कुणीही सांगेल. शेजारून सुती लुगडं आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक आजी रोज टेकडी चढून उतरतात. कॅप्टन त्यांना ‘‘छान! कीप इट अप!’’ म्हणतात. आजी बिचाऱ्या त्यांना प्रशिक्षक समजून मान तुकवतात.

सोसायटीची पार्किंगमध्ये क्रिकेटची स्पर्धा होते. त्यात कॅप्टनचं नाव दरवर्षी अकराव्या नंबरवर असतं. टेनिसचा चेंडू, सहा षटकांचा डाव, तरी ते पहिल्या चेंडूपासून पॅड बांधून खुर्चीवर बसतात. अंगात भारताची गडद निळी जर्सी असते, 1992 च्या विश्वचषकाच्या पद्धतीची. त्याच स्पर्धेत विश्वचषकाला प्रथम रंगीत कपडे आले, याची आठवण ते प्रत्येक नव्या भाडेकरूला करून देतात. सहा षटकांत नववी विकेट काही पडत नाही. यंदा आठ पडल्या, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सुदैवाने षटकं संपली. फोटोत ते मधोमध उभे आहेत, बॅट खांद्यावर टाकून, आणि सामना जिंकून देणारा चौथ्या विंगचा वॉचमन खाकी पँटीत एका कडेला अर्धा कापला गेलाय.

गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. कॅप्टन राहतात चौथ्या मजल्यावर. ते खाली बाकावर टोपी, सिपर, पळायचे बूट अशा जामानिम्यात मेकॅनिकची वाट पाहत बसले. कामाच्या मावशी मात्र वरखाली करत होत्या. एकदा धुण्यासाठी वर, मग चौथ्यावरच्या वहिनींची कोथिंबीर, मग गॅसचं कार्ड विसरलं म्हणून पुन्हा. तिसऱ्या खेपेला कॅप्टनना राहवलं नाही.

‘‘मावशी, असल्या स्लिपर घालून जिने चढू नका हो. गुडघे जातील. चांगले बूट पाहिजेत, टाचेला उशी असलेले.’’

मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं.

‘‘मग द्या की काका तुमचे. लिफ्ट चालू होईस्तोवर तुमाला काय लागत्यात?’’