एकशे पाच घोड्यांचा मालक

स्पोर्ट्स कार मराठी मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदा शिरली ती कस्टम ड्यूटीच्या बातमीतून. २००२ साली सचिनला फेरारी भेट मिळाली. पुढच्या वर्षी तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून जे रणकंदन झालं, त्यातून अशा गाडीला दोनच सीटं असतात आणि ती फुकट मिळाली तरी परवडत नाही, हे ज्ञान घराघरांत पोचलं. दोन सीटं म्हणजे सासू-सासऱ्यांना नाशिकला न्यायचं कशातून, हा प्रश्न आलाच. त्यावर तोडगा निघाला चाकणला. २०१३ साली फोक्सवॅगनच्या तिथल्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ घोडे, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ९.७ सेकंदांत शंभरचा वेग. दारं चार, डिकीत आठवड्याची भाजी बसते. आरटीओच्या आणि शेजाऱ्यांच्या लेखी ही साधी हॅचबॅक. मालकाच्या लेखी मात्र ती स्पोर्ट्स कार असते, आणि या दोन मतांमधल्या फटीत तो आपलं आयुष्य आणि निम्मा बोनस घालवतो. हा माणूस वेगवेडा आहे असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. वेगाशी त्याचं नातं फारच दूरचं आहे. त्याला हवी असते कायम अर्धवट राहिलेली, सदैव आपली गरज असलेली गाडी.

वेगच हवा असता, तर २०१६ साली त्याची सोय झाली होती. कंपनीने पोलो जीटीआय आणली. तोच चेहरा, पण १.८ लिटरचं इंजिन आणि १९२ घोडे, म्हणजे ज्यासाठी हा गृहस्थ रात्र-रात्र जागतो ते सगळं कारखान्यातच बसवून आलेलं. देशासाठी फक्त ९९ गाड्या होत्या. शंभरावी कमी पडेल असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात पंचवीस लाखांच्या वरची किंमत पुढच्या वर्षी वीस लाखांच्या आत आणावी लागली. किमतीमुळेच गाडी अडली, एरवी लोक तुटून पडले असते, असं कुणी म्हणेल, आणि पुरावा म्हणून स्कोडाकडे बोट दाखवेल: २०२० मध्ये छत्तीस लाखांच्या घरातल्या दोनशे ऑक्टाव्हिया आरएस आल्या आणि हातोहात संपल्या. आक्षेप वजनदार आहे. पण या आरएसवाल्यांनी २४५ घोड्यांची गाडी ताब्यात घेऊन पुढे काय केलं ते पाहावं. त्यातले कितीतरी वॉरंटीचा कागद वाळायच्या आत ट्यूनरच्या दारात उभे होते. ज्याची भूक वेगाची असते त्याचं पोट २४५ घोड्यांवर भरायला हवं. ज्याची भूक ‘अजून काय करता येईल’ या प्रश्नाची असते, त्याला रॉकेट दिलं तरी तो आधी त्याचा सायलेन्सर बदलेल.

तर आपला पोलोवाला. पहिला विधी ‘स्टेज वन’. ट्यूनर लॅपटॉप जोडतो, इंजिनच्या संगणकातली कंपनीची फाइल काढून आपली भरतो आणि १०५चे घोडे १३०च्या आसपास जातात. कुठलाही स्क्रू फिरलेला नसतो, बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे हा बदल लोकांना सांगून सांगूनच वापरावा लागतो. नव्या फाइलला साधं पेट्रोल चालत नाही, म्हणून ९७ किंवा १०० ऑक्टेनचे पंप कुठे कुठे आहेत हे त्याला देवळांपेक्षा जास्त माहीत. मग येतो लाल कॉटनचा एअर फिल्टर, मग फ्री-फ्लो एक्झॉस्ट, मग लोअरिंग स्प्रिंग. यातलं बरंचसं ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेलं असतं. काढलेले मूळ पार्ट फडक्यात गुंडाळून माळ्यावर जातात, कारण गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायच्या आदल्या रात्री तेच परत बसवायचे असतात आणि कंपनीची फाइलही परत भरायची असते. त्याचा उपयोग होतोच असं नाही. नवी फाइल भरली होती याची खूण कंपनीच्या यंत्रणेत सापडू शकते, आणि एकदा ती नोंद झाली की वॉरंटी विसरायची.

लोअरिंग स्प्रिंगने गाडी तीन-चार सेंटीमीटर खाली बसते. वळणावर ती रस्त्याला चिकटून जावी म्हणून हा खटाटोप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं म्हटलं आहे. आपल्या सोसायट्यांचे गतिरोधक हे निकष न वाचता, उरलेल्या सिमेंटच्या हिशेबाने बांधलेले असतात. त्या उंचवट्यासमोर हा एकशे तीस घोड्यांचा मालक थांबतो. मागे बसलेल्यांना उतरायला सांगतो. गाडी तिरकी करतो, एक चाक चढवतो, ते उतरवून दुसरं चढवतो. खिडकी खाली, कान जमिनीकडे, चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा. मागे रिक्षा हॉर्न वाजवत असते, वॉचमन शिट्टीने दिशा देत असतो, आणि उतरलेले सासरे कडेला उभे राहून ‘आमची वॅगन आर बरी’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. शहरात या माणसाचा सरासरी वेग पाण्याच्या टँकरपेक्षा कमी भरतो. ज्याला वेगाचं वेड असेल, तो असली स्प्रिंग बसवून घेईल का?

आता बिरादरी. रविवारी पहाटे पाचला उठून, दूधवाल्याच्याही आधी, आठ-दहा गाड्या लोणावळ्याकडे निघतात. एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी आणि वर कॅमेरे. म्हणजे इतक्या खर्चाच्या जोरावर जे करायचं ते कंपनीतून आलेली गाडीही आरामात करते. पण गाड्या पळवणं हा त्या सकाळचा लहानसाच भाग. मुख्य कार्यक्रम मिसळीच्या हॉटेलबाहेर, बॉनेट उघडून. ‘डीएसजी तापतो का?’ ‘ब्रेक ऑइल डॉट फोर का?’ ‘माउंट कुठले टाकले?’ एकमेकांच्या बायकोचं नाव माहीत नसलेली ही माणसं एकमेकांच्या क्लचप्लेटचं वय सांगू शकतात. यात एक जण हमखास असा असतो की त्याने गाडीला हातच लावलेला नाही. त्याची गाडी ‘पूर्ण स्टॉक’, आणि तो ते बदल करणाऱ्यांपेक्षाही जास्त अभिमानाने सांगतो. दरवर्षी त्याचा मान वाढतो, कारण दहा वर्षांनी सगळ्यांनाच मूळ सायलेन्सर आणि मूळ चाकं परत हवी असतात, आणि तोवर माळ्यावरचं सामान घर रंगवताना भंगारात गेलेलं असतं. काढायला एकदा पैसे, परत मिळवायला दुप्पट. तक्रार मात्र कोणी करत नाही. हातात काम पडलेलं असतं.

कायद्याचं काय, असं विचारणारे बरोबर विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आला. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला तेव्हा अनेक झोपमोड झालेल्या नागरिकांनी मनातल्या मनात नारळ फोडला, आणि त्यात काही चूक नव्हती. रात्री दोनला फटाके फोडत जाणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. मात्र त्या पोरांना आणि या चाळिशीतल्या गृहस्थाला एका पिंजऱ्यात उभं करू नये. पोराला ऐकणारे लोक हवेत. हा गृहस्थ पैसे टाकतो ते सस्पेन्शनच्या बुशांत, इंजिन माउंटांत, दर दोन वर्षांनी बदलायच्या ब्रेक ऑइलमध्ये. यातलं काहीही रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, की ऐकू येत नाही. दिखाऊपणाचा आरोप त्यामुळे टिकत नाही. उधळपट्टीचा टिकतो, तो त्याच्या घरीच सिद्ध झालेला आहे.

सगळ्यात मोठा पुरावा आता चाकणहूनच येतो आहे. तिथेच तयार होणारी महिंद्राची विजेवरची बीई ६ ही ६.७ सेकंदांत शंभर गाठते असं कंपनी सांगते. ना फाइल, ना फिल्टर, ना ऑक्टेन. आपला माणूस एकदा चालवून येतो, कबूल करतो की पळते, आणि लगेच म्हणतो, ‘पण तिला करण्यासारखं काही नाही हो.’ पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हापासून त्याने आपली गाडी तीनदा विकायला काढली आहे. जाहिरातीत किलोमीटरआधी ‘योग्य माणसालाच’ ही अट असते. गिऱ्हाईक आलं की तोच मुलाखत घेतो: पेट्रोल कुठलं भरणार, थंड इंजिनला लगेच रेस देणार का, पार्किंग झाकलेलं आहे का. परवाचा गिऱ्हाईक सगळ्यात पास झाला, पैसेही रोख द्यायला तयार होता. पण जाता जाता त्याने ‘गाडीत काही काम तर नाही ना?’ असं विचारलं, आणि सौदा तिथेच मोडला.