बोहल्याआधी माळावर

ऐकलंत का? आमच्याकडे लग्न ठरलं की पहिला प्रश्न आता कार्यालयाचा नसतो. ‘शूट कुठं?’ हा असतो. गुरुजींचा मुहूर्त नंतर, ड्रोनवाल्याची तारीख आधी! साताऱ्याची जोडपी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली, सांगलीची ढालगाव नाहीतर जतच्या माळावर. नवरीचा गाऊन असा लांब, की तो उचलायला दोन करवल्या. आमच्या आत्याबाईंना विचारलं, जोडप्याचं देवदर्शन झालं का? म्हणाल्या, “अगं, अजून रीलच यायचंय!”

एवढ्यावर भागलं असतं तर आपणही भडंग खात बघितलं असतं. पण आता रविवारी जीपांचा जथाच येतो. चांगला रस्ता सोडून माळावर उधळायचं, गरागरा वळून धुरळा उडवायचा. याला म्हणे ऑफरोडिंग! कुणी हटकलं तर उत्तर तयार, “तिथं काय आहे? मोकळाच तर माळ!”

मोकळा? अहो, तिथं बाळंतीण बसलीय!

माळटिटवीची वीण आणि आपली उन्हाळ्यातली लग्नसराई यांचे महिने एकच. घरटं म्हणाल तर जमिनीतली उथळ खळगी, भोवती चार खडे. आत मातकट, ठिपक्यांची चार अंडी. पायाशी असली तरी दिसायची नाहीत. ऐन उन्हात ही बाई अंड्यांवर सावली धरून उभी राहते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते, अंडी गार राहावीत म्हणून. (आमच्या सुनांना सांगायची सोय नाही, पण डोहाळजेवणात ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.) त्यात डोक्यावर ड्रोन घोंघावला, की तिच्या लेखी घारच आली. ती उठते, टाहो फोडत घिरट्या घालते, आणि कॅमेरावाला खूश, “वा, आवाज काय नॅचरल मिळाला!” तोवर मे महिन्याच्या उन्हात अंडी भाजून निघतात. धाविक, चंडोल, पखुर्डी यांचाही संसार असाच उघड्यावर.

टिटवी निदान अजून दिसते तरी. माळढोकाचं बघा. मादी एकाच अंड्यावर वर्ष काढते, तेही जमिनीवर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज देशभरात रानातले दीडशेसुद्धा उरले नाहीत. खोटं कशाला बोला, त्याला काही रीलनं नाही घालवलं. शिकार, नांगर आणि विजेच्या तारांनी घालवलं. पण ज्यांचा माळ आधीच आक्रसलाय, त्यांच्या दारात आपण दर रविवारी वरात घेऊन जायचं, हे कुठल्या घराण्याचं वळण?

कास पठारावरच्या फुलांची बाई वट आहे. पश्चिम घाटाबरोबर कास 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, हंगामात तिथं माणसं मोजून सोडतात. जतच्या माळाला कोण विचारतं? सरकारी दप्तरात असले माळ म्हणजे पडीक.

आणि खरी खमंग बातमी तर पुढेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसती बंदूक नव्हे. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं, हेही शिकारीतच धरलंय. म्हणजे जावईबापू बोहल्यावर चढायच्या आधीच शिकारी! पुरावाही त्यांनीच, लोकेशनसकट, इन्स्टाग्रामवर टाकलेला.

तेव्हा विहीणबाई, शूट जरूर करा, हौसेला मोल नसतं. पण होळीनंतर पावसाळा सरेपर्यंत माळ सोडा. मेनवलीच्या घाटाला हिंदी सिनेमावाले भुलतात, तो तुमच्या लेकीला का कमी पडावा? माळावर जायचंच झालं तर ड्रोन पेटीत आणि गाडी रस्त्यावर ठेवा. आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली, की आल्या पावली मागं फिरा.