३०० डीपीआयचे दादा

दादांच्या वाढदिवसाचे पोस्टर फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार असले, तरी कार्यकर्ता डिझायनरला बजावतो, ‘फुल क्वालिटी पायजे, ३०० डीपीआय!’ डीपीआय हा कागदावर इंचाला किती ठिपके पडावेत याचा हिशेब; पडद्याला त्याचे सोयरसुतक नाही. तो पिक्सेल मोजतो. १०८० बाय १३५० पिक्सेलचे पोस्टर ७२ ला काढा नाहीतर ३०० ला, मोबाइलवर दादा तेवढेच. पण हे सांगणार कोण? मग ए३ ची ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची फाइल निघते, व्हॉट्सअ‍ॅप ती फोटो म्हणून पाठवताना मुकाट्याने पिळते आणि तळाचे शुभेच्छुक मसुराच्या डाळीएवढे उरतात. (त्यातला एक तरी रुसतोच.) डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी पोचते, पण ती उघडावी लागते, आणि दादांना न उघडताच दिसायचे असते. बरे, दादांचा मूळ फोटो म्हणजे कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट. त्यात नसलेले नाक-डोळे एक्स्पोर्टने कुठून आणायचे? चौकातल्या फ्लेक्सला मात्र ग्रुपवरून उतरवलेली तीच पिळलेली फाइल जाते.