नीटच्या अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड

विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे भांडण २००९ पासून चालू आहे. त्या मानानं आमच्या घरातलं भांडण लवकर मिटलं. भाच्याला गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचा की प्लेस्टेशन? अर्थात ‘गेम खेळायला’ हे शब्द तीन आठवड्यांत माझ्याशिवाय कुणीही तोंडातून काढले नाहीत.

भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे. त्याच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून अक्का तिथंच दोन खोल्या घेऊन राहते. दाजी अहमदपूर तालुक्यात एकटे शेती आणि खिचडी सांभाळतात. अशी अर्धी-अर्धी घरं लातुरात गल्लोगल्ली सापडतील. मी नांदेडला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, त्यामुळं आपोआप घराण्याचा सल्लागार.

मी आधी प्लेस्टेशनच्या बाजूनं होतो. २०२४ च्या एप्रिलात त्याचं पाचवं, पण सडपातळ केलेलं रूप भारतात आलं, डिस्कवालं ५४,९९० रुपयांना. तेवढ्या पैशात त्याच्या तोडीचा कॉम्प्युटर असेंबल होत नाही. टीव्हीला वायर लावली की खेळ सुरू. ड्रायव्हरची कटकट नाही, व्हायरसची भीती नाही. दाजींना मी त्यांच्या चलनात समजावलं. त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२, म्हणजे साधारण सव्वाअकरा क्विंटल.

“हमीभावानं कुणाचं गेलंय?” दाजी म्हणाले.

इथं मी विषय बदलायला हवा होता, कारण बाजारात भाव त्याच्याही खालीच होता. तेवढ्यात त्यांनी पुढचं विचारलं. “आन खेळाची तबकडी केवढ्याला?”

नवी, मोठ्या नावाची घ्यायची तर ४,९९९. म्हणजे क्विंटलभर सोयाबीन घालून वर १०७ रुपये रोख. दाजी बराच वेळ अडकित्त्याशी खेळत बसले. मग म्हणाले, “आन तो खेळ संपला की?”

शिवाय प्लेस्टेशनला टीव्ही लागतो. लातूरच्या खोलीत टीव्ही नाही. पोराचा अभ्यास बुडू नये म्हणून तो मुद्दाम गावाकडं ठेवलाय.

पण प्लेस्टेशन हरलं ते पैशांमुळं नाही, टीव्हीमुळंही नाही. त्याला थाप मारता येत नाही, हा त्याचा खरा दोष. ते खेळायचं यंत्र आहे आणि चारचौघांत तसंच दिसतं. कॉम्प्युटरचं तसं नाही. तो अभ्यासाचा असतो, ऑनलाइन टेस्टचा असतो, दाजींच्या सातबाऱ्याचा असतो. खेळाचा तो फक्त रात्री अकरानंतर. सरकारला हा फरक कळत नाही. २०१८ च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेनं खेळाच्या कन्सोलवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आणि त्याला कॉम्प्युटरच्याच पंगतीला बसवलं. पण घरातली परिषद अक्काची. तिथं पंगती वेगळ्या.

“मामा, तुम्ही बी काय बोलूलालाव! आता सगळ्या परीक्षा कॉम्प्युटरवरच असतेत,” भाचा म्हणाला. खरं आहे. जेईई असते, सीईटी असते. फक्त ज्या नीटसाठी हा संसार दोन गावांत फुटलाय, ती २०२५ सालीही कागदावरच झाली. १८० प्रश्न, काळं बॉलपेन, गोळे काळे करायचे. हे मी अक्काला सांगितलं नाही. कंस आणि शकुनीनंतर मामांची आधीच पुरेशी बदनामी झालीय.

दुकानातून कोटेशन आलं तेव्हा भाच्याला त्यात पाण्यानं थंड राहणारी यंत्रणा हवी होती. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं प्रोसेसरला पाणी पाजायचं! मी ती ओळ खोडली. एसएमपीएस मात्र लोकल घेऊ दिला नाही. वाचलेले हजार-बाराशे रुपये मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी लाइट खालीवर झाली की मदरबोर्डासकट परत जातात. ही एकच गोष्ट मला कळते, कारण माझा असाच गेलाय.

रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटर, यूपीएस. ग्राफिक्स कार्ड बजेटच्या बाहेर गेलं. “काही हरकत नाही,” दुकानदार म्हणाला, “ह्या प्रोसेसरच्या पोटातच थोडं ग्राफिक्स आहे. कार्ड नंतर टाका.” जीटीए ५ सगळी सेटिंगं खाली ओढून त्यावर चालतो, असं भाच्यानं मला हळूच सांगितलं. अक्काला त्यानं सांगितलं की बायॉलॉजीच्या आकृत्या स्पष्ट दिसतात.

कॉम्प्युटर आला. अक्कानं कॅबिनेटच्या काचेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आत निळे-जांभळे दिवे लागले तेव्हा दाजींनी विचारलं, हे कशाला? “रात्रीच्या अभ्यासाला,” भाचा म्हणाला. आता महिन्यातून दोनदा दाजी लातूरला येतात आणि त्यावर सोयाबीनचा भाव बघून परत जातात.

मदरबोर्डावर कार्डाची जागा अजून रिकामी आहे. कुणा वाचकाकडे चालू स्थितीतलं जुनं ग्राफिक्स कार्ड पडून असेल तर कृपया कळवावं. पैसे सोयाबीन विकल्यावर. आणि फोन अक्काला करू नये.