प्रस्तुत लेखकाची स्मरणशक्ती

१९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा धावफलक प्रस्तुत लेखकाला तोंडपाठ आहे. श्रीकांत ३८, संदीप पाटील २७, मोहिंदर अमरनाथ २६ आणि वर १२ धावांत ३ बळी. चारचौघांत हे म्हणून दाखवताना त्याची छाती फुगते, ती कुणी सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख विचारेपर्यंत. तसली चौकशी बायकोकडे करायची, असा घरचा रिवाज आहे.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ६१७ अभ्यासांचा, म्हणजे बारा लाखांवर माणसांचा, ताळा मांडला. शब्द, चेहरे, वास यांत बायका सरस. रस्ते नि अमूर्त आकृत्यांत पुरुष. ‘रस्ते’ वाचताच लेखकाने ते पान बायकोपुढे धरलं. फरक तसा थोडाच आहे, ही ओळ मात्र अंगठ्याखाली ठेवून.

हा टेस्टोस्टेरॉनचा प्रताप, असं त्याचं ठाम मत. पण पुरुषाच्या मेंदूत ॲरोमॅटेज नावाचं विकर असतं आणि ते काही टेस्टोस्टेरॉनचं चक्क इस्ट्रोजेन करून टाकतं. तेही आठवणींचं माहेरघर असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये!

मग लेखक उंदरिणींच्या नादी लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरिन वूली आणि ब्रूस मॅकईवन यांनी १९९० मध्ये दाखवलं, की उंदरिणीच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात इस्ट्रोजेन चढलं की हिप्पोकॅम्पसच्या पेशींवरचे जोडणीचे बारीक काटे दाटतात. उतरलं की चोवीस तासांत सुमारे ३० टक्के कमी होतात. चोवीस तासांत! हे लेखकाने इतक्यांदा सांगितलंय, की शेजारी आता जिना उतरताना मोबाइल कानालाच लावून असतात.

बायकोला हल्ली शब्द सापडत नाहीत. ‘ते दे रे, भाकरी थापायचं, गोल,’ म्हणत ती परातीकडे बोट दाखवते. दवाखान्यात ‘वय झालं’ म्हणून बोळवण झाली. लेखकाचं डोकं फिरतं ते इथे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर नवं लक्षात ठेवायची गती मंदावते आणि पुढे ती पुन्हा सावरते, असं अमेरिकेत दोन हजारांवर बायकांच्या पाहणीतून २००९ मध्येच पुढे आलं होतं. तेवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. आणि साठीतल्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या बाईपेक्षा इस्ट्रोजेन सहसा जास्तच असतं. तरी गॅसचा नंबर तिनेच लक्षात ठेवायचा.

फ्रिजवर आता वाढदिवस आणि श्राद्धांची यादी लागली आहे, लेखकाच्या हस्ताक्षरात. सगळ्या तारखा तिने न अडखळता सांगितल्या. लेखकाच्या सख्ख्या आत्याचं नावही दुरुस्त केलं.